घरासाठी .३२: प्रबल, निर्भीक की जुनी कानपुरी, आणि पेटीवर किती खर्च करावा

शस्त्रपरवाना हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोणती भारी?’ विक्रेत्याचं उत्तरही ठरलेलं असतं: जी त्याच्याकडे शिल्लक असेल ती. घरात ठेवायच्या हत्याराला हे ‘भारी’चं माप लागूच होत नाही. कानपूरच्या तिन्ही रिव्हॉल्व्हर एकच काडतूस खातात, सहाच गोळ्या घेतात, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिघींचा परिणाम सारखाच असतो. फरक पडतो तो ट्रिगर ओढताना हात किती हलतो, अंधारात काडतुसं भरताना किती गोंधळ होतो आणि बाकी सगळं वर्ष ती कुठे पडून असते, यात. म्हणून इथे हत्याराइतकंच त्याच्या पेटीवर, बॅटरीवर आणि तेलावर लिहिलं आहे. कमरेला लावून लग्नात मिरवायला हवी असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. त्या कामाला कुठलीही चालते, चकाकी असली की झालं.

निवड मुळातच छोटी आहे. ९ मि.मी. आणि .४५ ही सैन्या-पोलिसांची बोअर (नळीच्या आतल्या व्यासाची मापं) नागरी परवान्यावर बंद. देशी बनावटीत प्रामुख्याने उरतं .३२ आणि .२२. ‘नीडर’ ही .२२ची रिव्हॉल्व्हर जेमतेम २५० ग्रॅमची, खिशात मावणारी, पण .२२च्या काडतुसात पेटवायचं द्रव्य कडेत भरलेलं असतं आणि ते तळाच्या मधोमध पेटवायची टोपी असलेल्या काडतुसापेक्षा जास्त वेळा दगा देतं. एकदाच वापरायची वेळ येणार असेल, तर त्यात ही जोखीम नको. जुनी परदेशी पिस्तुलं हातोहात फिरतात, त्यांची किंमत दुर्मीळपणाची असते, कामाची नाही. एखादी स्प्रिंग तुटली की सुट्या भागासाठी कुणाकडे जायचं हा प्रश्न उरतोच. गावठी कट्ट्याबद्दल एकच वाक्य पुरे: शस्त्र अधिनियम १९५९ खाली तुरुंग आहेच, आणि त्याची नळी फुटते तेव्हा ती धरणाऱ्याच्या हातात असते.

परवान्यावर बहुतेक वेळा नुसतं ‘.३२’ लिहिलेलं असतं आणि पहिली गफलत तिथेच होते. रिव्हॉल्व्हरचं काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. पिस्तुलाचं .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मि.मी. ब्राउनिंग. पहिल्यात ९८ ग्रेन वजनाची शिशाची गोळी, वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडा वर. दुसऱ्यात ७१ ग्रेनची, तांब्याच्या आवरणाची, पावणेतीनशे मीटरच्या आसपास. ऊर्जा दोन्हींची दीडशे ते पावणेदोनशे ज्यूलच्या घरात, म्हणजे ९ मि.मी.च्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी. दुकानात ‘.३२ द्या’ म्हटलं आणि घरी येऊन डबा उघडला तर भलतंच निघू शकतं. त्यातली वाईट गोष्ट अशी की पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत (काडतुसं भरायच्या सहा घरांच्या फिरत्या भागात) बसतंही. बसतं म्हणून उडवू नका: त्याचा दाब जास्त असतो आणि तळाची कडा अरुंद असल्याने ते चक्रीत नीट टेकत नाही. नवी काडतुसं बहुधा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीची असतात. १८६९ पासूनचा हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. काडतुसाच्या तळावर ‘केएफ’ची इंग्रजी अक्षरं असतात. डब्यावरची उत्पादनाची तारीख वाचून घ्या; पडून राहिलेला जुना साठा गळ्यात मारला जाण्याची शक्यता गृहीत धरा.

तीन रिव्हॉल्व्हर

जुनी कानपुरी, म्हणजे कारखान्याची .३२ मार्क थ्री, वर्षानुवर्षं आपल्याकडच्या परवान्यांवर चढत आलेली. नळी ७६ मि.मी., वजन ७०० ग्रॅमच्या आसपास, वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या वळणाची. वरचा खटका दाबला की ती मधोमध मोडते आणि झाडलेल्या काडतुसांच्या सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. ही सोय चांगली आहे, पण तिला दोन आजार आहेत. सावकाश, भीतभीत उघडली तर एखाद्या पुंगळीची कडा पुंगळ्या ढकलणाऱ्या चांदणीसारख्या एक्स्ट्रॅक्टरच्या खाली सरकते आणि चक्री अडते. उघडताना नळी जमिनीकडे न ठेवता तिरकी वर धरून एका झटक्यात पूर्ण मोडायची. दुसरा आजार झिजेचा. हजारदा उघडझाप झालेल्या नगाचा बिजागरीचा खिळा आणि खटका ढिला होतो, नळी-चक्रीतली फट वाढते आणि गोळीबरोबर शिशाचा चुरा बाजूने उडतो. सेकंडहँड घेताना पैसे वाचतात ते इथेच परत जातात.

निर्भीक २०१४ साली आली, तेव्हा किंमत होती १,२२,३६० रुपये. टायटॅनियमच्या मिश्रधातूची, ५२५ ग्रॅम. महिलांसाठी म्हणून तिची जाहिरात झाली आणि ‘हलकी म्हणजे सोपी’ हा समज तेव्हापासून पक्का बसला. प्रत्यक्षात उलट आहे. घोडा (टोपीवर ठोका मारणारा मागचा हातोडा) न चढवता नुसता ट्रिगर ओढून गोळी झाडायची तर बोटाला लागणारा जोर हत्याराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. हत्यार जितकं हलकं, तितकं ते त्या जोराने जागचं हलतं आणि नेम धरायची पुढची माशी खाली-डावीकडे जाते. हलकेपणाचा फायदा पर्समध्ये, खिशात, प्रवासात. घरातल्या पेटीत पडून राहणाऱ्या वस्तूचं पावणेदोनशे ग्रॅम वजन वाचवून कुणाचंच काही भलं होत नाही. बनावट बरी आहे, गंज कमी धरते, ही तिची खरी जमेची बाजू. पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांनी तिचा विचार करावा तो या कारणासाठी.

प्रबल ही कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची. १८ ऑगस्ट २०२३ ला ती बाजारात आली. काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मि.मी., एकूण लांबी १७७.६ मि.मी. चक्री बाजूला उघडते. हत्यार मोडावं लागत नाही, त्यामुळे बिजागरीची झीज हा विषयच संपतो आणि वरची पट्टी सलग राहिल्याने सांगाडा मजबूत होतो. ५० मीटरच्या पल्ल्याची बरीच जाहिरात झाली. घरात त्याचा उपयोग शून्य. आपल्याकडच्या घरात देवघरापासून पडवीच्या दारापर्यंत सरळ दहा मीटर निघाले तरी वाडा मोठा म्हणायचा. तिच्या बाजूने खरी गोष्ट म्हणजे ट्रिगर हलका ठेवण्याचा कारखान्याने केलेला प्रयत्न. तो तुम्ही घेत असलेल्या नगात उतरला आहे का, हे काउंटरवरच ओढून बघायचं. एक पथ्य: चक्री सिनेमातल्यासारखी मनगटाच्या झटक्याने बंद करू नका. तिचा आडवा दांडा वाकतो, मग सहातल्या दोन घरांत टोपीवर ठोका तिरका पडतो. पुंगळ्या काढताना नळी वर, आणि पुंगळ्या ढकलायची दांडी तळहाताने एकदाच ठामपणे दाबायची.

घरासाठी आमची पसंती प्रबल, तिच्यामागे न झिजलेली मार्क थ्री, आणि ज्यांना ती सोबत नेण्याची खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी निर्भीक. वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडील्यात बनणारी .३२ मार्क फोर दिसायला देखणी आहे, किंमत मात्र नावाची जास्त. आणि कोणतीही घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला आहे. जुन्या दरपत्रकावर विसंबून सोसायटीतून उचल घेऊ नका.

पिस्तूल का नको? अशनी हे .३२ एसीपीचं, आठ गोळ्यांच्या मॅगझिनचं पिस्तूल काही वाईट नाही. पण एसीपीच्या काडतुसाला छोटी कडा असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे अडकली की पूर्ण मॅगझिन जाम होतं आणि बाहेर काढून उपसल्याशिवाय सुटत नाही. भरताना प्रत्येक काडतूस आधीच्यापेक्षा पुढे सरकवून बसवायचं, हा त्यावरचा उपाय. त्याहून मोठी अडचण माणसाची आहे. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नवख्याला वाटतं. नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, एक काडतूस उरलेलं असू शकतं. ‘रिकाम्या’ पिस्तुलातून उडालेल्या गोळ्यांमागे बहुतेक हीच चूक असते. रिव्हॉल्व्हर उघडली की सहा भोकं डोळ्यांसमोर असतात, वाद मिटला. सरावाला वेळ न देणाऱ्याने पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये.

काउंटरवर काय बघायचं

मोटार मेकॅनिककडे स्पार्क प्लगची फट मोजायचं फिलर गेज असतं, ते खिशात घेऊन जा. आधी रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरं रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि करंगळीने खात्री करा. मग बंद करून नळी आणि चक्रीमधली फट मोजा. ०.१५ मि.मी.ची पट्टी जाते आणि ०.२५ची जात नाही, तर नग चांगला. ०.३०ची सहज गेली, तर परत ठेवा. चक्री बोटांत धरून पुढे-मागे हलवा. ‘टकटक’ असा खेळ हाताला जाणवायला नको. विक्रेत्याला विचारून, चक्रीवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण चढण्याआधी किंवा चढताक्षणी चक्री जागेवर अडकली पाहिजे. हे सहाही घरांत करा, कारण दोष बहुतेक वेळा एका-दोन घरांतच असतो. घोडा चढवलेला असताना ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने घोड्याला मागून पुढे ढकला. तो पडला, तर कितीही सवलत मिळो, विषय तिथेच संपवा.

नळीतून उजेडाकडे बघताना काळं कडं दिसलं, तर तिथे नळी फुगलेली असू शकते: आधीची गोळी अडकलेली असताना मागून दुसरी झाडल्याची ती खूण. मुठीचा अंदाज घेताना पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरच्या मधोमध आला पाहिजे. डमी काडतुसं घालून दहा वेळा ओढून बघा. माशी प्रत्येक वेळी एकाच बाजूला जात असेल तर मूठ हाताला लहान आहे. कारखान्याची लाकडी मूठ आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पंजाला बऱ्याचदा अपुरी पडते. रबरी मूठ बसवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल आहे, पण ती त्याच मॉडेलची हवी. परदेशी मॉडेलची तासून बसवलेली मूठ झटक्याने सैल होते.

ट्रिगर जड लागतो म्हणून घोड्याची स्प्रिंग कापून देणारे मिस्त्री भेटतील. करू नका. स्प्रिंग हलकी झाली की टोपीवर ठोका कमी बसतो आणि काडतूस फुसकं जातं, तेही नेमकं नको तेव्हा. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच. नळी आखूड करणं तर विनापरवाना गुन्हा आहे.

निघण्याआधी सांगाड्यावरचा क्रमांक, पावतीवरचा क्रमांक आणि परवान्यावर चढलेला क्रमांक अंक-अंक ताडून बघा. ३ चा ८ झाला तर पुढे प्रत्येक नूतनीकरणाला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत खेटे घालावे लागतात. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. परवान्याचे अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडेच, त्यामुळे चूक दुरुस्तीही तिथेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. वाडवडिलांची बाराबोअर परवान्यावर असेल तर ती त्यातली एक धरली जाते.

पेटी

अर्ज करताना सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र दिलेलं असतं, आणि ते कागदावरच राहतं. रिव्हॉल्व्हर मग गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली, दिवाणात, नाहीतर उशीखाली. या तिन्ही जागा चोराला तोंडपाठ आहेत, आणि घरातल्या सात वर्षांच्या पोराला त्याहून जास्त. बजेट आखताना हत्याराच्या किमतीचा दहावा हिस्सा आधी पेटीसाठी बाजूला काढा.

पेटीत काय बघायचं? पत्रा दारासाठी किमान ४ मि.मी., अंगासाठी २ मि.मी. आतून बोल्ट मारायला मागे आणि तळाला भोकं. पाच-सहा किलोची पेटी न ठोकता ठेवली, तर चोर ती पेटीसकट नेतो. हत्यारही गेलं आणि ते पुढे कुठे वापरलं जाईल याचा घोर तुमच्या जिवाला. दगडी किंवा नऊ इंची विटांच्या भिंतीत १० मि.मी.चे चार अँकर बोल्ट, किमान अडीच इंच आत. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतीत अँकर धरत नाही. तिथे जमिनीच्या काँक्रीटमध्ये किंवा फरशीखाली ओतलेल्या ठोकळ्यात बसवा. सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत साधा अँकर फिरतो, त्यासाठी केमिकल अँकर लागतो.

कुलपाचा प्रकार हा वादाचा विषय आहे. बोटाच्या ठशाच्या पेट्या दुकानात छान उघडतात. पण हळदीच्या पोत्यांत, गुऱ्हाळावर किंवा द्राक्षबागेत छाटणीला राबणाऱ्या हातांवरचे ठसे झिजलेले असतात, आणि घाम आला की यंत्राला माणूस ओळखू येत नाही. बटणांचा यांत्रिक कोड सगळ्यात भरवशाचा. इलेक्ट्रॉनिक कीपॅड घेतलाच, तर सेल अल्कलाइन घाला आणि दर दसऱ्याला बदला. आपत्कालीन किल्ली पेटीत ठेवणारे महाभाग आहेत. ती दुसऱ्या घरातही नको, परवानाधारकाच्या अंगावर हवी. परवाना एका माणसाचा असतो, कुटुंबाचा नाही. कोड फक्त त्यालाच माहीत हवा. बायकोलाही हत्यार वापरता यायला हवं असं वाटत असेल, तर त्याचा रस्ता तिच्या नावाच्या अर्जातून जातो.

काडतुसं त्याच पेटीत ठेवायची तर आत वेगळा कुलपाचा कप्पा. घरात मुलं असतील तर रिव्हॉल्व्हर रिकामी आणि काडतुसं वेगळ्या कुलपात, यात तडजोड नाही. त्याने दहा-पंधरा सेकंद जातात, आणि ती भरून निघतात दाराच्या आडण्याने आणि खिडकीच्या गजांनी; तो खर्च या सगळ्याच्या आधीचा.

सांगलीकरांसाठी आणखी एक. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. पूरपट्ट्यात तळमजल्याच्या जमिनीत पेटी ठोकणं म्हणजे हत्यार नदीला देणं. वरच्या मजल्यावर बसवा. स्थलांतराची वेळ आलीच, तर रिव्हॉल्व्हर निवारा केंद्रात सोबत नेण्यापेक्षा पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. पुरात वाहून गेली तर त्याची खबर ताबडतोब पोलिसांत द्यावी लागते. पाणी ओसरल्यावर बघू, असं चालत नाही.

बॅटरी, तेल आणि बाकीचं सामान

पेटीनंतर सगळ्यात उपयोगाची वस्तू म्हणजे हातातली बॅटरी. आपल्याकडे शेतीची वीज रात्रीची येते. उसाला दारं धरायला गेलेला भाऊ पहाटे तीनला परत येतो, शेजारचा मोटार चालू करायला परड्यातून जातो, हंगामात ऊसतोडीची टोळी फडाकडे निघालेली असते. वस्तीवर रात्री वाजलेलं पाऊल बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाचं असतं. म्हणून आधी उजेड, मग हाक, मग ११२. आणि गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा असेल तर तिचा क्रमांकही फोनमध्ये जतन केलेला हवा. बॅटरी ३०० ते ५०० ल्युमेनची, मागे बटण असलेली, दाबून ठेवलं तेवढाच वेळ पेटणारी. १८६५० मापाचा सेल घरच्या घरी चार्ज होतो. पाच मोड आणि लुकलुकणारा दिवा असलेली नको. घाईत बटण दाबल्यावर भलताच मोड लागतो. रिव्हॉल्व्हरवर बॅटरी बसवायची पट्टी या मॉडेलांना नाही, आणि नाही तेच बरं. हत्यारावर दिवा असला की ज्याच्याकडे उजेड पाडायचा त्याच्यावर नळीही रोखली जाते, आणि तो भाऊ असू शकतो.

लेझर नको. भिंतीवरचा लाल ठिपका थरथरताना दिसतो आणि माणूस तो स्थिर होण्याची वाट बघत बसतो. आवाज दाबणारं नळकांडं कायद्याने प्रतिबंधित आहे, त्याची चौकशीसुद्धा करू नका. त्याऐवजी सहा डमी काडतुसं घ्या, .३२ लाँगच्या मापाची. टोपीच्या जागी रबर किंवा स्प्रिंग असते, त्यामुळे रिकामा ठोका बसून घोड्याचं टोक तुटत नाही. ट्रिगर ओढताना माशी हलू न देणं हे नव्वद टक्के काम याच सरावात होतं. सराव करताना खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, आणि नेम पक्क्या भिंतीकडे. मग रेंजवर, तळहाताएवढ्या कागदावर पाच मीटरवरून डबल अ‍ॅक्शनने, म्हणजे घोडा न चढवता, सहाही झाडता आल्या की पुरे. त्यापुढचा खर्च हौसेचा.

रेंजवर खरी काडतुसं झाडायला जाल तेव्हा कानांवर मफ हवेतच. एका गोळीचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. ठोका पडला आणि गोळी सुटली नाही, तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून तीस सेकंद थांबा, मगच उघडा. आवाज नेहमीपेक्षा मऊ ‘फट्’ असा आला, तर दुसरी अजिबात झाडू नका. गोळी नळीतच असण्याची शक्यता आहे. रिकामी करून सळई घालून बघा.

चामडी होल्स्टर दुकानातून पोलीस ठाण्यापर्यंत न्यायला ठीक. त्यात घालून पेटीत ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातली रसायनं आणि धरलेली ओल मिळून जिथे चामडं टेकतं तिथेच गंजाचे ठिपके काढतात. कोयना-महाबळेश्वर पट्ट्यात चार महिने हवेत पाणी असतं. तिथे पेटीत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि दर पंधरवड्याला एकदा पुसणं. पुड्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास, पुन्हा वापरा. जत-आटपाडी, माण-खटावला ओल नाही, धूळ आहे. तिथे जास्त तेल हेच शत्रू: तेलात धूळ बसून चक्रीच्या दांड्यात गाळ होतो.

तेलाचा विषय निघालाच आहे, तर खोबरेल नको. ते २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरच्या रात्री वाईत किंवा फलटणला यंत्रणा चिकटून बसते. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, चक्रीचा दांडा आणि घोड्याच्या मुळाशी एकेक थेंब, बस्स. फवाऱ्याचं गंज सोडवणारं तेल काडतुसांजवळ नेऊ नका, टोपीतून आत झिरपून काडतूस मारतं. साफसफाईला .३२चा पितळी ब्रश, पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची सळई, जुन्या धोतराचे चौकोन. शिशाची गोळी असल्याने चक्रीच्या तोंडाशी राखाडी थर बसतो, तो ब्रशनेच काढा; पॉलिश पेपर लावला की काळा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे तांबेरा.

खंडेनवमीला पूजा करणार असाल तर आधी रिकामी करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. ओलं हळद-कुंकू आणि फुलांचा रस रात्रभर मुलाम्यावर राहिला की डाग कायमचा. पूजा झाली की लगेच कोरड्या, मग तेलाच्या फडक्याने पुसून घ्या. आणि हवेत गोळी झाडायची हौस असेल तर २०१९ पासून तिची किंमत दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी आहे.

घर आणि कायदा

विश्रामबागेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि पलूसकडची उसातली वस्ती, या दोन घरांत एकच रिव्हॉल्व्हर सारखी वागत नाही. नऊ इंची पक्की भिंत .३२ची गोळी अडवते. वाड्याचा दगड अडवतो, पण गोळी उसळून परत येऊ शकते. प्लायवूडचं दार, खिडकीची काच, जिप्समचं पार्टिशन आणि गोठ्याचा पत्रा अडवत नाहीत. कुणाची खोली कुठल्या दाराआड आहे, हे दिवसाउजेडी ठरवून ठेवा. सगळ्यांना एका खोलीत घेऊन दार लावायचं आणि हत्यार त्या दाराच्या आतच ठेवायचं. अंधारात घर धुंडाळत फिरणं टाळा.

भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जबरी चोरी, तसंच सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी होणारी घरफोडी कलम ४१ मध्ये येते, जिथे मालमत्तेच्या बचावात हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी हक्क टिकू शकतो. पण कलम ३७ ची मर्यादा त्यावर कायम आहे: बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. कुंपण ओलांडून पळणाऱ्याच्या पाठीत झाडलेल्या गोळीला हे कलम वाचवत नाही. डाळिंबं किंवा मोटारीची केबल चोरणाऱ्यावर तर नाहीच नाही.

निवडणुकांची आचारसंहिता लागली की छाननी समिती कुणाकुणाची शस्त्रं जमा करून घ्यायची ते ठरवते. नोटीस आली तर हुज्जत न घालता जमा करा. नेताना रिव्हॉल्व्हर रिकामी, पेटीबंद, काडतुसं वेगळी, मूळ परवाना सोबत. मुद्देमाल कक्ष दमट असतो, म्हणून जमा करण्याआधी नळीतून आणि चक्रीच्या सहाही घरांतून तेलाचं फडकं फिरवा आणि होल्स्टर घरीच ठेवा. पावतीवर क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परत मिळाल्यावर घरी न जाता तिथेच उघडून बघा, काडतुसं मोजा, मगच सही करा.